पुण्याची बंद पडलेली वेधशाळा आणि सूर्याचं लपलेलं चुंबकत्व

पॉडकास्टच्या आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. ज्यांनी हा भाग बसमध्ये किंवा सिग्नलच्या गोंगाटात अर्धामुर्धा ऐकला, त्यांना नावं, सालं आणि आकडे इथे शांतपणे वाचता येतील.

आजचा प्रश्न ऐकायला सोपा आहे. सूर्य आपल्यापासून साधारण १५ कोटी किलोमीटर लांब. तिथे होकायंत्र घेऊन कुणी जाणार नाही. मग सूर्यावर चुंबकीय क्षेत्र आहे, इथे जास्त आहे, तिथे कमी आहे, हे आपल्याला कळतं कसं? तर प्रकाशावरून. आणि या उत्तरातला सगळ्यात नाजूक भाग आपल्याला सांगितलाय तो सूर्यावरच्या रेणूंनी. हो, रेणूंनी. सूर्यावर इतकी उष्णता असूनही तिथे काही रेणू तग धरून आहेत.

या गोष्टीत दोन वेधशाळा आहेत. एक आपल्या पुण्यातली, जी बंद पडली. दुसरी स्वित्झर्लंडमधली, जी बंद पडता पडता वाचली. या दोघींमध्ये नेमका काय फरक होता, ते शेवटपर्यंत वाचलंत तर लक्षात येईल.

शिवाजीनगरची दुर्बीण

आज ज्याला आपण सीओईपी म्हणतो, ते शिवाजीनगरचं इंजिनिअरिंग कॉलेज एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी 'कॉलेज ऑफ सायन्स' या नावाने ओळखलं जायचं. तिथे कावसजी दादाभाई नायगमवाला नावाचे एक पारशी प्राध्यापक होते. जन्म १८५७ चा. शिकवायचे भौतिकशास्त्र, पण वेड होतं वर्णपटाचं. वर्णपट म्हणजे प्रकाश लोलकातून किंवा जाळीतून नेला की त्याचे जे रंग सुटे होतात, तो पट्टा. कुठल्या रंगाच्या जागी काळी किंवा चमकदार रेष आहे, यावरून दूरच्या ताऱ्यात कुठलं मूलद्रव्य आहे ते ओळखता येतं. त्या काळी हे शास्त्र अगदी ताजं होतं.

नायगमवाला आधी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात होते. १८८२ मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांनी त्यांच्या प्रयोगशाळेसाठी ५००० रुपये दिले, मुंबई सरकारने तेवढेच घातले. नायगमवाला इंग्लंडला गेले, तिथल्या जाणकारांशी बोलले आणि नुसती प्रयोगशाळा नको, वेधशाळाच हवी, असं ठरवून परतले. डब्लिनच्या ग्रब कंपनीची २० इंची आरशाची दुर्बीण मागवली. १८८८ मध्ये पुण्यात 'महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा' उभी राहिली. ही दुर्बीण त्या वेळी भारतातली सगळ्यात मोठी होती. आणि वेधशाळेचा भर होता ताऱ्यांच्या आणि सूर्याच्या प्रकाशाचं विश्लेषण करण्यावर. पंचांगासाठी ग्रहांच्या जागा मोजणं हा तिचा उद्देशच नव्हता.

रेणूची सही कशी असते?

१८९१ ची एक गोष्ट सांगतो, कारण पुढे ती उपयोगी पडणार आहे.

सर नॉर्मन लॉकयर हे तेव्हाचं फार मोठं नाव. हेलियम सूर्यात असल्याचं ओळखणाऱ्यांपैकी एक, 'नेचर' या साप्ताहिकाचे संस्थापक संपादक. त्यांचं म्हणणं असं की आकाशातले तेजोमेघ म्हणजे उल्कांचे थवे. उल्का एकमेकींवर आदळतात, तापतात, त्यातलं मॅग्नेशियम चमकतं. पुरावा काय? मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेष दिसते. ती रेष म्हणजे मॅग्नेशियमच्या एका पट्ट्याची कड आहे, असं लॉकयर म्हणत.

इथे 'रेष' आणि 'पट्टा' यातला फरक समजून घेऊ. एकटा अणू प्रकाश देतो तेव्हा सुट्या सुट्या, धारदार रेषा दिसतात. पण दोन अणू जोडून रेणू झाला की तो थरथरतो, गरगर फिरतो. या प्रत्येक फिरण्या-थरथरण्याची वेगळी रेष. अशा शेकडो रेषा दाटीवाटीने बसतात आणि आपल्याला एक पन्हळीसारखा पट्टा दिसतो: एका बाजूने धारदार, दुसऱ्या बाजूने विरत जाणारा. ही रेणूची सही.

म्हणजे प्रश्न सरळ होता. मृगातली ती हिरवी रेष एका बाजूला विरत जाते का? नायगमवालांनी पुण्याहून आपल्या २० इंची दुर्बिणीने बघितलं. रेष दोन्ही बाजूंनी धारदार होती. विरणं नाही, पन्हळ नाही. त्यांनी तसं लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापलं. पुण्यातल्या एका प्राध्यापकाने लॉकयर यांच्या सिद्धांताविरुद्ध थेट निरीक्षण मांडलं होतं. पुढे १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवलं की ती रेष दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे. मॅग्नेशियमचा तिच्याशी काही संबंध नव्हता. नायगमवालांनी जे पाहिलं ते बरोबर होतं.

जेऊर, २२ जानेवारी १८९८

सात वर्षांनी सूर्य स्वतःच महाराष्ट्रात आला म्हणा ना! २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून आत शिरून थेट देशावर आणि विदर्भाकडे गेला. जगभरातले खगोलशास्त्रज्ञ इथे तंबू ठोकून बसले. लॉकयर विजयदुर्गला. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल करमाळ्याजवळच्या जेऊरला. इंग्लंडच्या हौशी मंडळींची एक तुकडी वऱ्हाडात तळणीला, आणि तिच्यात जॉन एव्हरशेड नावाचा एक तरुण. हे नाव लक्षात ठेवा.

(जाता जाता: हेलियमचा शोध १८६८ मध्ये विजयदुर्गाच्या 'साहेबाच्या ओट्यां'वरून लागला, असा फॉरवर्ड दर वर्षी फिरतो. १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी लॉकयर इंग्लंडमध्ये होते. भारतात फ्रान्सचे जान्सेन होते, तेही आंध्रातल्या गुंटूरला. विजयदुर्गला लॉकयर आले ते १८९८ मध्ये. किल्ला थोर आहेच, त्याला चुकीच्या तारखेची गरज नाही.)

जेऊरलाच नायगमवालांचाही तळ होता. एका भारतीय शास्त्रज्ञाने, भारतीय वेधशाळेतर्फे केलेली ही ग्रहण मोहीम. तिचा सविस्तर अहवाल १९०२ मध्ये वेधशाळेचं पहिलं प्रकाशन म्हणून निघाला.

म्हणजे विसावं शतक उजाडलं तेव्हा पुण्याकडे काय काय होतं बघा: देशातली सगळ्यात मोठी दुर्बीण, वर्णपट वाचणारा जाणता माणूस, सूर्याचा अनुभव, आणि रेणूचा पट्टा व अणूची रेष यात फरक करणारी नजर. आणि सूर्याच्या अभ्यासातली सगळ्यात मोठी उडी अगदी तोंडावर आली होती. ती समजण्यासाठी आधी तुमचा गॉगल काढा.

गॉगलचा प्रयोग

पोलराइड गॉगल असेल तर तो लॅपटॉपच्या स्क्रीनसमोर धरा आणि हळूहळू फिरवा. एका कोनात स्क्रीन काळाकुट्ट होईल. काही फोनवरही हे दिसतं. कारण प्रकाश ही लहर आहे, आणि लहरीला हलण्याची दिशा असते: उभी, आडवी, तिरकी. साध्या प्रकाशात सगळ्या दिशा मिसळलेल्या असतात. स्क्रीनमधून येणारा प्रकाश एकाच दिशेने हलतो. याला म्हणतात ध्रुवीकरण. गॉगल फक्त एक दिशा आत सोडतो, दुसरी अडवतो.

आता सकाळी किंवा संध्याकाळी टेकडीवर गेलात तर सूर्याकडे पाठ न करता, पोट न करता, सूर्य बरोबर खांद्याकडे ठेवून समोरच्या निळ्या आकाशाकडे बघा. गॉगल फिरवला की आकाश गडद-फिकं होईल. (सूर्याकडे मात्र गॉगल लावूनही बघायचं नाही. डोळे जातील.) सूर्याचा प्रकाश हवेच्या रेणूंवर आपटून बाजूला वळला की त्याला दिशा मिळते. बाजूला विखुरलेला प्रकाश ध्रुवीय होतो, एवढं एकच वाक्य पुढच्या भागासाठी डोक्यात ठेवा.

१९०८: सौरडागात चुंबक

१८९६ मध्ये नेदरलँडच्या पीटर झीमन यांनी प्रयोगशाळेत दाखवलं की तापलेला वायू जोरदार चुंबकात ठेवला तर त्याच्या वर्णरेषा रुंदावतात, दुभंगतात. आणि दुभंगलेल्या तुकड्यांच्या प्रकाशाला दिशा असते. म्हणजे कुठे रेष दुभंगलेली दिसली, आणि तुकडे ध्रुवीय निघाले, तर तिथे चुंबक आहे.

१९०८ मध्ये अमेरिकेत माउंट विल्सनवर जॉर्ज एलरी हेल यांनी सौरडागांचा प्रकाश ध्रुवीकरण तपासणाऱ्या स्फटिकांमधून नेला. रेषेचे तुकडे अपेक्षेप्रमाणे आलटून पालटून लुप्त झाले. सौरडागात चुंबकीय क्षेत्र होतं, तेही २०००-३००० गॉस. पृथ्वीचं क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास असतं, यावरून अंदाज करा. पृथ्वीबाहेर चुंबकीय क्षेत्र सापडल्याची ही पहिलीच वेळ.

सौरडाग बाकी पृष्ठभागापेक्षा गार असतात, म्हणून तिथे रेणू टिकतात. हेल यांच्या शोधाच्या आगेमागेच सौरडागांच्या वर्णपटात टायटॅनियम ऑक्साइड आणि मॅग्नेशियम हायड्राइड या रेणूंचे पट्टे ओळखले गेले. मृगात जो मॅग्नेशियमचा पट्टा नव्हता, त्याचा चुलतभाऊ सूर्यात निघाला!

१९०९ च्या जानेवारीत दक्षिणेत कोडाईकनालच्या वेधशाळेत सौरडागांतून वायू बाहेर वाहतो, हा शोध लागला. लावला कुणी? तळणीच्या तंबूतल्या त्या एव्हरशेड यांनी. ते १९०७ मध्ये कोडाईकनालला रुजू झाले होते. आजही त्याला एव्हरशेड परिणामच म्हणतात.

आणि पुणे? १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले. त्यांच्याबरोबर वेधशाळाही बंद झाली. अक्षरशः. त्यांच्यामागे कुणी नेमलं गेलं नाही. २० इंची दुर्बीण आणि बाकीची उपकरणं कोडाईकनालला गेली. तिकडे तिला आजही 'भावनगर दुर्बीण' म्हणतात, म्हणजे नावात देणगीदार राहिला, पुणे राहिलं नाही.

दोष कुणा एकाचा नाही. सगळी वेधशाळा एका माणसाच्या नेमणुकीवर उभी होती. माणूस होता तोवर काम उत्तम झालं. माणूस गेला आणि खालचा पाट काढून घेतल्यासारखं झालं. कोडाईकनालला मात्र सरकारी वेधशाळा म्हणून एकामागून एक संचालक येत राहिले, आणि १९०४ पासूनची सूर्याची छायाचित्रं तिथे आजही जपलेली आहेत. शंभराहून जास्त वर्षांची ही मालिका जगभर वापरली जाते.

जमा-खर्च शून्य, पण व्यवहार झाला

आता हेल यांच्या पद्धतीतली अडचण. सौरडागात क्षेत्र जोरदार असतं, म्हणून ते दिसतं. पण सूर्याचा बहुतेक पृष्ठभाग डागांविना असतो. त्याला 'शांत सूर्य' म्हणतात. तिथे चुंबकत्व नाही का?

समजा तुमच्या खात्यात दिवसभरात युपीआयने ५०० आले आणि ५०० गेले. रात्री शिल्लक तीच. फक्त शिल्लक बघणारा म्हणेल, आज काहीच झालं नाही. झीमन परिणामाचं तसंच होतं. शांत सूर्यावर उत्तर आणि दक्षिण ध्रुव अगदी बारीक, एकमेकांत गुंतलेले असतात. दुर्बिणीला दिसणाऱ्या एका ठिपक्यात दोन्ही येतात. एकाचं ध्रुवीकरण दुसऱ्याचं खोडतं. बेरीज शून्य.

शिल्लक सोडून प्रत्येक व्यवहार मोजणारी पद्धत हवी होती. तिचं बीज १९२४ साली जर्मनीतल्या गॉटिंगेनमध्ये होतं. विल्हेल्म हान्ले नावाच्या तरुणाने पाऱ्याच्या वाफेवर प्रयोग करून एक परिणाम समजावला. (लडाखमधल्या हान्ले गावाची वेधशाळा प्रसिद्ध आहे, पण या हान्लेंचा तिच्याशी संबंध नाही. निव्वळ योगायोग.)

हा परिणाम समजायला पुण्यातच एक सुंदर वस्तू आहे. विद्यापीठाच्या आवारात आयुकामध्ये फुकोचा लंबक आहे. तो एका रेषेत हेलकावे घेतो, पण पृथ्वी फिरत असल्यामुळे त्या रेषेची दिशा हळूहळू वळते. प्रकाश विखुरणारा अणू किंवा रेणू हा असाच चिमुकला लंबक समजा. त्याच्या हेलकाव्याची दिशा म्हणजे बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची दिशा. चुंबकीय क्षेत्र असेल तर हेलकाव्याची दिशा वळते. असे कोट्यवधी लंबक वेगवेगळ्या बाजूंना वळले की त्यांचा मिळून येणारा प्रकाश कमी ध्रुवीय होतो. आणि मुख्य मुद्दा: क्षेत्र उत्तरेचं असो की दक्षिणेचं, ध्रुवीकरण घटतंच. इथे खोडाखोडी होत नाही. प्रत्येक व्यवहाराची नोंद राहते.

सूर्याच्या कडेजवळून येणारा प्रकाश तिथल्या अणू-रेणूंवरून बाजूला विखुरून आपल्याकडे येतो, टेकडीवरच्या निळ्या आकाशासारखा. म्हणून तो किंचित ध्रुवीय असतो. किंचित म्हणजे रेणूंच्या बाबतीत हजारात एक भाग किंवा त्याहूनही कमी. हे मोजायला उपकरणच नव्हतं. १९९० च्या दशकात झुरिकमध्ये झिम्पोल नावाचं उपकरण तयार झालं. ते एक लाखात एक भाग इतकं बारीक ध्रुवीकरण पकडू लागलं. यान स्टेनफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून सूर्याचा वर्णपट बघितला, तर ओळखीच्या वर्णपटापेक्षा तो इतका वेगळा दिसला की त्याला 'दुसरा सौर वर्णपट' हे नाव पडलं. साध्या वर्णपटात ठळक असलेल्या कित्येक रेषा इथे फिक्या. आणि साध्या वर्णपटात शोधूनही मुश्किलीने सापडणारे रेणू इथे डोकं वर काढून उभे: दोन कार्बनचा रेणू, मॅग्नेशियम हायड्राइड, सायनोजेन.

रेणूच का?

अणूच्या एकाच रेषेवरून क्षेत्र काढायचं तर आधी माहीत हवं की क्षेत्र नसतं तर ध्रुवीकरण किती असतं. ते तर सूर्यावर कधी बघता येत नाही. संगणकावर सूर्याचं मॉडेल बांधावं लागतं, आणि मॉडेल चुकलं की उत्तर चुकलं.

रेणू ही अडचण सोडवतो. गॅलरीतल्या एकाच दोरीवर रुमाल आणि जाड चादर वाळत घातलीय असं समजा. रुमाल फडफडतोय, चादर जागची हलत नाही, म्हणजे वारा आहे आणि तो बेताचा आहे. दोरीच कुणी हलवत असेल तर दोन्ही सारखे हलतील. वारा ओळखण्यासाठी दोघांमधला फरक पुरतो.

रेणूच्या पट्ट्यात शेकडो रेषा शेजारी शेजारी असतात. सगळ्या एकाच रेणूच्या, साधारण एकाच उंचीवरून आलेल्या, एकाच तापमानाच्या. पण रेणू किती जोरात फिरतोय त्याप्रमाणे प्रत्येक रेषेवरची चुंबकीय क्षेत्राची पकड वेगळी. काही रेषा रुमाल, काही चादर. दोन शेजारणींचं ध्रुवीकरण एकमेकींशी ताडून पाहिलं की मॉडेलवर फार विसंबावं लागत नाही.

२००४ मध्ये स्वेतलाना बर्द्युगिना आणि डॉमिनिक फ्लुरी यांनी कार्बन रेणूच्या रेषांची अशी तुलना करून शांत सूर्यावर साधारण १५ गॉसचं विखुरलेलं क्षेत्र काढलं. त्याच वर्षी हाविएर त्रुहियो ब्युएनो आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये एक कोडं मांडलं. स्ट्रॉन्शियम अणूच्या रेषेवरून सरासरी क्षेत्र १३० गॉसच्या घरात येत होतं. कार्बन रेणूवरून मात्र १० च्या आसपास. एकाच सूर्याची दोन उत्तरं!

दोन्ही बरोबर होती. सूर्याचा पृष्ठभाग उकळत्या आमटीसारखा असतो. वर येणाऱ्या तापलेल्या वायूचे बुडबुडे, एकेक साधारण १००० किलोमीटरचा, म्हणजे मुंबईपासून पार दिल्लीच्या अलीकडेपर्यंत जाईल एवढा. त्यांच्या मधल्या फटींतून वायू परत खाली जातो. कार्बन रेणूच्या रेषा मुख्यतः बुडबुड्यांमधून येतात, स्ट्रॉन्शियमची रेष दोन्हीकडून. म्हणजे बुडबुड्यांत क्षेत्र अगदी कमी आणि फटींमध्ये ते खच्चून भरलेलं. शांत वाटणाऱ्या सूर्यात आधी कुणाच्या हिशेबातच नसलेली प्रचंड चुंबकीय ऊर्जा लपलेली होती. सूर्याच्या बाहेरचा प्रभामंडळ पृष्ठभागापेक्षा शेकडो पट तप्त, दहा लाख अंशांच्या वर का असतो, या जुन्या कोड्यात ही ऊर्जा महत्त्वाची ठरू शकते.

लोकार्नो: वाचलेली वेधशाळा

पुढचा प्रश्न: हे लपलेलं चुंबकत्व सौरडागांसारखं ११ वर्षांच्या चक्राने कमी-जास्त होतं का? की ते कायम तसंच असतं? डागांबरोबर बदलत असेल तर दोघांचं मूळ एक. बदलत नसेल तर सूर्याच्या पृष्ठभागालगत दुसराच एखादा छोटा चुंबकीय कारखाना सतत चालू असणार.

याचं उत्तर एका हुशार निरीक्षणाने मिळत नाही. त्याला वर्षानुवर्षं तेच काम, त्याच पद्धतीने करत राहावं लागतं. आणि ते काम २००७ पासून हाती घेतलं स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नोच्या छोट्या वेधशाळेने. कार्बन रेणूच्या त्याच हिरव्या रेषा, झिम्पोल उपकरण, पुन्हा पुन्हा मोजणी. सूर्य सगळ्यात शांत असतानाच्या पहिल्या मोजण्यांत हे क्षेत्र सूर्याच्या कडेवर जवळपास सगळीकडे सारखंच आढळलं.

ही वेधशाळा बांधली होती १९६० मध्ये गॉटिंगेन विद्यापीठाने. हो, जिथे हान्लेंनी प्रयोग केला तेच गॉटिंगेन. १९८० च्या दशकात विद्यापीठाने आपलं काम स्पेनच्या टेनेरीफ बेटावर हलवलं. लोकार्नोची वेधशाळा सहज इतिहासजमा झाली असती. पण तिथल्या स्थानिकांनी एक प्रतिष्ठान उभं करून ती ताब्यात घेतली आणि पुन्हा चालवली. त्यांनी ती वाचवली नसती तर वीस वर्षांनी रेणूंच्या मोजणीची ही मालिका तिथून सुरू झालीच नसती. कुलूप लावताना पुढे काय गमावणार आहोत हे कुणालाच दिसत नसतं. १९१२ च्या पुण्यालाही ते दिसलं नव्हतं.

पुणे पुन्हा सूर्याकडे

१८८८ नंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८८ मध्ये, पुण्यात आयुकाची स्थापना झाली. पहिले संचालक जयंत नारळीकर. सीओईपीपासून गणेशखिंड रस्त्याने काही किलोमीटरवर. इथे १९९० च्या दशकातच ताऱ्यांच्या प्रकाशाचं ध्रुवीकरण मोजणारं उपकरण तयार झालं. ते बनवणाऱ्यांपैकी एक, ए. एन. रामप्रकाश, पुढे दुर्गेश त्रिपाठी यांच्यासोबत सूर्याच्या 'सूट' दुर्बिणीचे प्रमुख झाले. ही दुर्बीण आदित्य-एल१ यानावर २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघाली. ६ जानेवारी २०२४ रोजी यान पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या आपल्या कक्षेत स्थिरावलं.

सूट ध्रुवीकरण मोजत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. ती ११ वेगवेगळ्या गाळण्यांमधून सूर्याची अतिनील छायाचित्रं घेते. पण त्यातली एक गाळणी ३८८ नॅनोमीटरची आहे, आणि तिथेच सायनोजेन रेणूचा पट्टा बसतो. जिथे चुंबकीय क्षेत्र एकवटतं तिथे हा रेणू कमी होतो, आपली नजर खालच्या तापलेल्या थरापर्यंत जाते आणि ती जागा उजळ दिसते. म्हणजे रेणूच्या प्रकाशातून चुंबकाचा माग काढायचं काम पुण्यात बनलेली दुर्बीण करतेय, फक्त वेगळ्या वाटेने. त्याच यानावर बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेचं व्हीईएलसी हे उपकरण आहे. प्रभामंडळाच्या प्रकाशाचं ध्रुवीकरण मोजण्याची सोय त्यात आहे. आणि ही बंगळुरूची संस्था म्हणजेच जुन्या कोडाईकनाल वेधशाळेची वारसदार. पुण्याची दुर्बीण ज्या घरी नांदायला गेली, त्याच घराचं यंत्र आता पुण्याच्या यंत्राशेजारी बसून सूर्य बघतंय.

आपल्याला याचं काय? मे २०२४ च्या सौर वादळात जीपीएस गडबडलं, रेडिओ संपर्क बिघडले, आणि लडाखच्या आकाशात लाल झोत दिसला. अशी वादळं सूर्याच्या चुंबकत्वातूनच उठतात. ती आधी ओळखायची तर सूर्याच्या चुंबकत्वाची नोंद अखंड हवी. एखाद्या वर्षाची नव्हे, अनेक सौरचक्रांची.

आदित्यचं यान एक दिवस थांबेल. प्रत्येक यान थांबतं. तेव्हा प्रश्न तोच असेल जो १९१२ मध्ये होता: या माणसांनंतर हे काम पुढे कोण चालवणार? नायगमवालांना याचं उत्तर देणारं कुणी भेटलं नाही. आज भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, प्रोग्रॅमिंग शिकणारे तुमच्यातले कितीतरी जण ते देऊ शकतात. सूटचा डेटा अभ्यासकांसाठी खुला आहे, आणि आयुकामध्ये दर २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, सर्वसामान्यांसाठी कार्यक्रम असतात. गेलात तर फुकोचा लंबक नक्की बघा. त्याची रेष वळलेली दिसायला थोडा वेळ थांबावं लागतं.

भाग आवडला तर मित्रमैत्रिणींना पाठवा, आणि तो विजयदुर्गाचा फॉरवर्ड आला तर त्याच्या खाली ही लिंक टाका. भेटू पुढच्या भागात!